मत नसलेल्यांचा प्रतिनिधी

अमेरिकेत व्हिसावर राहणाऱ्या आपल्या माणसांना इमिग्रेशनबद्दल काहीही विचारा, सगळं तोंडपाठ असतं. प्रायॉरिटी डेट, व्हिसा बुलेटिन, कुठल्या सेंटरला किती महिने लागतात, सगळं. पण कागद अडकले तर आपल्या भागाच्या काँग्रेस प्रतिनिधीच्या ऑफिसला फोन करता येतो, असं म्हटलं की समोरचा गप्प होतो. ‘पण आपल्याला कुठे मत आहे?’ हा प्रश्न ठरलेला. आमच्या घरातही तो आला होता.

२०२०च्या हिवाळ्यात माझी कामाची परवानगी, म्हणजे ईएडी, संपत आली होती. नवऱ्याच्या एच-१बी या कामाच्या व्हिसाची मुदतवाढ प्रीमियमची जादा फी भरल्यामुळे झटपट आली. त्याच पाकिटातून गेलेला माझा एच-४चा, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसाचा, अर्ज मात्र जागचा हलेना. २०१९च्या मार्चपासून एच-४च्या प्रत्येक अर्जदाराला बोटांचे ठसे देणं सक्तीचं झालं होतं. पुढे कोविडमुळे ठसे घेणारी केंद्रं बंद पडली आणि २०२०च्या जुलैत ती हळूहळू उघडेपर्यंत अर्जांचा ढीग साचला. ठसे नाहीत म्हणून एच-४ नाही, एच-४ नाही म्हणून ईएडी नाही. त्या वेळी एच-४च्या ईएडीला आपोआप मुदतवाढ मिळत नसे. कार्डावरची तारीख उलटली की काम बंद. मॅनेजरने फार वाईट वाटून सांगितलं, पण सांगितलंच, की सध्या बिनपगारी रजा. इमिग्रेशन खात्याच्या हेल्पलाइनवर उत्तर एकच, तुमचा अर्ज अजून नेहमीच्या मुदतीत आहे, त्यामुळे चौकशी नोंदवता येणार नाही.

फोन करायला मन का धजत नव्हतं, याचा मी नंतर बराच विचार केला. मत नसणं हे एक कारण झालं. दुसरं कारण आपण सोबत घेऊन येतो. माझ्या लहानपणी गॅसचं कनेक्शन, घरातला फोन, या गोष्टी खासदारांच्या कोट्यातून मिळत. बाबा कुणाकुणाला भेटून खासदारांची चिठ्ठी आणायला गेले होते, ते मला आठवतं. केंद्रीय विद्यालयातल्या प्रवेशांचा खासदार कोटा तर अगदी २०२२पर्यंत चालू होता. अशा चिठ्ठीने आपलं काम होतं, पण रांगेतला कुणीतरी मागे ढकलला जातो. सरळमार्गी माणसाला म्हणूनच तिथे जायला संकोच वाटतो, आणि तो संकोच मला चुकीचा वाटत नाही. इथे मागायची गोष्ट वेगळी आहे, एवढंच मला माहीत नव्हतं.

शेजारच्या काकू पंचवीसेक वर्षांपूर्वी इथे आलेल्या. त्यांनी ऐकलं आणि त्या म्हणाल्या, “अगं, लाव की फोन. मत आहे का म्हणून कुणी विचारत नाही. कुठे राहतेस तेवढं विचारतात.”

तसंच झालं. प्रतिनिधीच्या डिस्ट्रिक्ट ऑफिसातल्या केसवर्करने पहिल्यांदा झिप कोड विचारला. ती घरूनच काम करत होती, मागे तिचं कुत्रं भुंकत होतं. रिसीट नंबर काय, अर्ज कधी पोचला, हेल्पलाइनवर काय सांगितलं, काम थांबल्याचं ऑफिसचं पत्र आहे का, असं तिने शांतपणे विचारून घेतलं. मग काय होणार नाही तेही सांगितलं. निर्णय काय द्यावा हे आम्ही सांगू शकत नाही, तुमचा अर्ज दुसऱ्याच्या आधी घ्या असंही म्हणत नाही. फाइल कुठे थांबली आहे ते विचारतो आणि उत्तर येईपर्यंत विचारत राहतो. मला हे बोलणं फार आवडलं. खोटी आशा नव्हती आणि उपकाराचा सूरही नव्हता.

मग एक संमतिपत्र आलं. १९७४च्या खासगीपणाच्या कायद्यापासून रुळलेली ही पद्धत आहे. अर्जदाराच्या सहीशिवाय खातं दुसऱ्या कुणाशी त्याच्या फाइलबद्दल बोलत नाही. नाव, जन्मतारीख, रिसीट नंबर, आणि अडचण थोडक्यात लिहायला चार ओळींची चौकट. त्या चार ओळींना मला पूर्ण संध्याकाळ लागली. आधी मनस्ताप लिहिला होता, तो खोडला आणि तारखा लिहिल्या. तारखाच उपयोगी पडतात, हे काकूंनी बजावलं होतं.

पहिलं उत्तर छापील आलं, ‘अर्ज विचाराधीन आहे’. केसवर्कर तिथे थांबली नाही. तिने पुन्हा लिहून नेमकं विचारलं, ठशांची तारीख दिली आहे का, नसेल तर का नाही? काही आठवड्यांनी ठशांचं बोलावणं आलं, पुढे कार्डही आलं. त्या पत्रांमुळेच आलं की ओघाने नंबर लागला, हे मला ठामपणे सांगता येणार नाही. पण तोवर भिंतीशी बोलत होते, आता खात्याला एका प्रश्नाचं लेखी उत्तर द्यावं लागलं होतं. माणसाचा धीर टिकायला तेवढं पुष्कळ असतं.

मत नसण्याचा प्रश्न मला त्यानंतर वेगळा दिसू लागला. २०२०च्या एप्रिलमध्ये आम्ही जनगणनेचा फॉर्म भरला होता. त्यात नागरिकत्वाचा प्रश्नच नव्हता. १८६८च्या चौदाव्या घटनादुरुस्तीनुसार प्रतिनिधिगृहाच्या जागा राज्यात राहणाऱ्या सगळ्या माणसांच्या संख्येवर ठरतात, मतदारांच्या नव्हे. आमच्या न्यू जर्सीच्या बारा जागा ठरताना मी मोजली गेले. एका मतदारसंघात सरासरी ७ लाख ६० हजार माणसं येतात, त्यांत माझ्यासारखे हजारो. ज्या मोजणीवर ती खुर्ची उभी आहे तिच्यात आपण आहोत, मग त्या दारात जाताना खाली मान घालायचं कारण नाही.

याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. रोजगारावर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार आणि कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा, ही १९९०च्या कायद्याची चौकट आहे. भारतीयांची रांग त्यामुळेच न संपणारी झाली. इथे केसवर्करची दहा पत्रंही कामाची नाहीत, इथे कायदाच बदलावा लागतो. जुलै २०१९मध्ये प्रतिनिधिगृहाने ही सात टक्क्यांची मर्यादा काढणारं विधेयक ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केलं. डिसेंबर २०२०मध्ये सिनेटने स्वतःचा वेगळा मसुदा मंजूर केला. दोन्हींचा मेळ बसला नाही आणि कायदा झाला नाही. एच-४वाल्यांना खरा दिलासाही एकेकट्याच्या पत्रांनी मिळाला नाही. मे २०२१मध्ये ठशांची सक्ती थांबवली गेली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोर्टातल्या तडजोडीने आपोआप मुदतवाढीचा मार्ग मोकळा झाला. एक सल मात्र राहते. ज्यांना या दाराची माहिती नव्हती त्यांच्या फाइली तशाच पडून राहिल्या असतील. त्यावर उपाय एकच, माहिती सगळ्यांपर्यंत जाणं.

म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या किंवा ओळखीतल्या कुणाच्या फाइलीवर धूळ बसली असेल, तर नोकरी जाईपर्यंत थांबू नका. झिप कोडवरून आपला प्रतिनिधी शोधा, तो नाही तर राज्याचे दोन सिनेटर आहेत. पण एका वेळी एकाच ऑफिसकडे जा, म्हणजे चौकशांचा गोंधळ होत नाही. रिसीट नंबर आणि तारखा हाताशी ठेवा. या कामाला एक सेंटही लागत नाही. ओळख काढून देतो म्हणून कुणी पैसे मागत असेल, तर त्याला सरळ नाही म्हणा.