बारा रुपयांचा वारसा

एखादा वृद्ध कारागीर प्रभूघरी गेला म्हणजे दफनविधीच्या वेळी त्याच्याविषयी दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. तो आपल्या कामात तरबेज होता आणि तो कुटुंबवत्सल होता. बोलणारा एका दमात दोन्ही सांगून जातो आणि ऐकणारे मान डोलवितात. परंतु ज्यांनी असे घर आतून पाहिले आहे, त्यांना ठाऊक असते की या दोन गुणांचे नेहमीच जमते असे नाही. कामाला दिलेला वेळ घरातून वजा होतो. उलट, घराच्या मायेपोटी कामात खोट शिरते. मुलाला चिकटवून घेण्यासाठी साहेबाचे पाय धरणे, चार पैसे अधिक सुटावेत म्हणून मालात हात आखडणे, हे सारे ‘लेकराबाळांसाठी’ या एकाच सबबीवर चालते. तेव्हा प्रश्न असा की, चांगला कारागीर आणि चांगला बाप एकाच माणसात नांदू शकतात काय?

या प्रश्नाचा विचार करताना आम्हांला सुरतेच्या एका पारशी सुताराची आठवण होते. लवजी नसरवानजी वाडिया हे त्यांचे नाव. जन्म १७०२ सालचा. त्या काळी तापीच्या काठी मोठमोठी सागवानी जहाजे बांधली जात. वाडिया या आडनावाचा अर्थच मुळी जहाज बांधणारा. सुरती सुतारांची एक रीत होती. ते फळ्या नुसत्या एकमेकींना टेकवून ठोकीत नसत. एकीच्या कडेला खाच पाडून दुसरीची कड तीत घट्ट बसवीत आणि सांध्यात राळेचा कापूस भरीत. हे काम वेळखाऊ होते. शिवाय जहाज पाण्यात उतरले की हा सांधा कोणाच्या दृष्टीस पडणारा नव्हता. असल्या कामात लवजींचा हात घडला.

१७३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने डडली नावाच्या अधिकाऱ्यास ‘क्वीन’ नावाचे जहाज बांधून घेण्यासाठी सुरतेस पाठविले. तेथे लवजी एका धन्याच्या हाताखाली मुकादम होते. त्यांचे काम पाहून डडली इतका खूश झाला की, मुंबईस येऊन कंपनीच्या गोदीचे काम हाती घ्यावे असा त्याने आग्रह धरला. फायदा उघड होता. तरी धन्याची परवानगी मिळेपर्यंत लवजींनी होकार दिला नाही. लवजींबरोबर आपला धंदाही जाणार हे धन्याला दिसत होते. तरी त्याने नाइलाजाने का होईना, परवानगी दिली आणि १७३६ साली लवजी काही सुतार सोबत घेऊन मुंबईस आले.

येथे कोणी म्हणेल, धन्याचे नुकसान व्हायचे ते झालेच. मग परवानगी मागून काय साधले? ही शंका रास्त आहे. विचारल्याने नुकसान टळले नाही, हे आम्हीही नाकारीत नाही. पण ज्याचे नुकसान होणार, त्याच्याच हाती ‘नाही’ म्हणण्याची सत्ता लवजींनी ठेवली. धनी नाही म्हणता, तर मुंबईचे दार बंद झाले असते. आपल्या घरचे भले व्हावे असे कोणाला वाटत नाही? परंतु ते भले दुसऱ्याच्या पाठीमागून, अंधारात आणायचे नाही, एवढी मर्यादा त्यांनी पाळली. घरावरच्या प्रेमाची पहिली कसोटी आम्हांला येथे दिसते.

मुंबईत पुढे काही काळाने त्यांनी कुटुंबही आणविले. तेथील गोदीच्या उभारणीशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. तेथली पहिली सुकी गोदी १७५० साली पुरी झाली. माणेकजी व बमनजी हे त्यांचे मुलगे त्याच कामात आले. १७७१ साली लवजींनी आपले दोन नातू, फ्रामजी व जमशेदजी, यांना गोदीत आणले. दोघेही जेमतेम विशीच्या आतबाहेरचे. आजोबा गोदीचे मुख्य कारागीर. नातवांना वरची जागा देणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी मात्र नातवांना साध्या सुतारांच्या रांगेत उभे केले. पगार, दरमहा १२ रुपये.

आजोबांचे मन दगडाचे होते काय? आम्हांला तसे वाटत नाही. ज्याने स्वतः रंधा मारला नाही, तो दुसऱ्याच्या कामातली खोट ओळखू शकत नाही. आणि जो खोट ओळखू शकत नाही, त्याच्या जहाजावर माणसे बुडतात. नातवांना वरची जागा देणे म्हणजे खलाशांच्या जिवावर लाड करणे झाले असते. पुढे १७७४ साली लवजी वारले. मागे एक साधे घर व बेताची रक्कम होती. त्याच जमशेदजींनी मुंबईच्या गोदीत बांधलेले, १८१७ साली पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज इंग्लंडातील हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे.

परंतु सगळ्यांचे वारस असे एका धंद्यात राहत नाहीत. लोखंड व वाफ आली आणि लाकडी जहाजांचा काळ सरला. खानदेशातून सुरतेस आलेली आपली कितीतरी माणसे उधना, लिंबायत भागात राहून यंत्रमागावर बारा बारा तास उभी राहतात. मुलाने मागावर उभे राहू नये असेच त्यांना वाटते, आणि त्यात चूक काही नाही. लवजींचे नातू आजोबांच्या शेजारी उभे राहून शिकले. या मुलांना तर रात्री थकून आलेला बाप तेवढा दिसतो. मग अशा बापाने मुलाला काय द्यावे?

धंदा बदलला तरी काम करण्याची रीत मागे ठेवता येते, असे आम्हांला वाटते. ती उपदेशाने जात नाही. हातातून हातात जाते. सुटीच्या दिवशी सायकलची साखळी बसविताना, गळके कौल फिरविताना मुलाला जवळ घ्यावे. त्याला वेळ लागेल, आपला जीव वरखाली होईल. तरी हत्यार त्याच्याच हाती राहू द्यावे. बिघडलेले काम आपण गुपचूप नीट करून देतो, तेव्हा माया दिसते खरी, पण शिकणे तेथेच थांबते.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनाही एक विनंती. नासरेथच्या सुताराच्या घरची गोष्ट आपण मुलांना नेहमी सांगतो. या खेपेस गोष्ट संपल्यावर मंदिरातला एखादा मोडका बाक मुलांपुढे ठेवावा. करवत, रंधा, खिळे द्यावेत आणि जवळ एखादा जाणता सुतार उभा करावा. बाकाची खालची बाजू कोणी पाहणार नाही, असे मुले म्हणतील. तिचाही सांधा सैल राहिला, तर तो उकलून पुन्हा बसविण्यास त्यांना सांगावे.