सिद्धांताला बढती मिळत नाही

अलीकडे एका व्याख्यानात वक्ते म्हणाले, "गुरुत्वाकर्षणाचा नियम आहे, उत्क्रांतीचा मात्र अजून सिद्धांतच आहे." सभागृहात माना डोलल्या. वक्ते व्यासंगी होते, भाषा ओघवती होती, म्हणूनच ते वाक्य सलत राहिलं. त्यामागची समजूत अशी की कल्पना आधी अंदाज असते, पुरावा जमला की तिचा सिद्धांत होतो आणि पुरेशी नोकरी झाल्यावर कारकुनाचा हेडक्लार्क व्हावा तसा सिद्धांताचा नियम होतो.

तसं होत नाही. दोघांची कामं वेगळी, हे आपण शाळेतच ऐकलेलं असतं: काय घडतं ते नियम सांगतो, का घडतं ते सिद्धांत. न्यूटनने १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’त आकर्षणाचा हिशेब मांडला. ते वस्तुमानांच्या गुणाकाराप्रमाणे वाढतं, अंतराच्या वर्गाप्रमाणे घटतं. पण ते मुळात असतंच का, यावर १७१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने कानावर हात ठेवले. कारण सापडलेलं नाही आणि उगाच तर्क रचणार नाही, अशी त्याची भूमिका होती. कारण आलं ते १९१५ साली, आइन्स्टाइनच्या सामान्य सापेक्षता सिद्धांतातून. वस्तुमानामुळे अवकाश-काल वक्र होतो आणि ग्रह त्या वक्रतेत त्यांना शक्य असलेली सरळात सरळ वाट धरतात.

ही वाटणी मला वर्षानुवर्षं पुरली. पण वस्तुमानाने अवकाश-काल वाकावाच का? आइन्स्टाइनची समीकरणंही ते सांगत नाहीत. किती वाकेल एवढंच सांगतात. म्हणजे ‘का’ची मालकी सिद्धांताकडे, हे म्हणणं लंगडं पडतं. खरा फरक दुसरीकडे आहे, आणि ल व्हेरिये या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाच्या आयुष्यात तो लख्ख दिसतो.

युरेनस न्यूटनच्या हिशेबाप्रमाणे चालत नव्हता. कुठला तरी न दिसलेला ग्रह त्याला ओढत असणार, असं धरून ल व्हेरियेने त्या ग्रहाची जागा कागदावर काढली. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनमध्ये गाले या खगोलशास्त्रज्ञाने दुर्बीण रोखली आणि सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. मग बुधाची पाळी आली. त्याच्या कक्षेचा सूर्याला सर्वांत जवळचा बिंदू हिशेबापेक्षा जास्त सरकतो. आजच्या मोजणीने हा फरक शतकाला ४३ आर्क सेकंद, म्हणजे एक अंश भरायला आठ हजारांहून अधिक वर्षं. १८५९ साली ल व्हेरियेने तोच उपाय सुचवला: बुधाच्याही आत काहीतरी फिरत असणार.

इथे जरा थांबावंसं वाटतं. ऑर्जेर गावच्या लेस्कारबो नावाच्या डॉक्टरने कळवलं की सूर्यबिंबावरून सरकणारा एक काळा ठिपका आपण पाहिला आहे. ल व्हेरिये न कळवता त्याच्या दारात जाऊन उभा राहिला आणि त्याने उलटतपासणी घेतली. हा डॉक्टर आकडेमोड लाकडी फळ्यांवर करायचा आणि फळी भरली की रंधा मारून कोरी करायचा, असं त्या भेटीचं वर्णन आहे. ल व्हेरियेची खात्री पटली. ग्रहाचं नाव व्हल्कन ठरलं, डॉक्टरला ‘लेजन ऑफ ऑनर’ मिळाला. व्हल्कन मात्र नव्हताच. १८७७ मध्ये ल व्हेरिये वारला तो त्यावर विश्वास ठेवूनच. त्याला हसणं मला जमत नाही. बुधाची तफावत खरी होती आणि ती त्यानेच हुडकून काढली होती.

माणूस तोच, नियम तोच, रीतही तीच; एकदा नेपच्यून मिळाला, एकदा रिकामं आकाश. कुठे काय मिळेल, याचा मागमूस त्या सूत्रात नाही. आपण कुठवर खरे, हे नियमाला ठाऊकच नसतं. आइन्स्टाइनच्या सिद्धांतातून ते ४३ सेकंद कुठलाही नवा ग्रह न घालता निघाले. शिवाय गुरुत्व क्षीण आणि वेग प्रकाशाच्या मानाने किरकोळ असेल तिथे न्यूटनचं सूत्र जवळजवळ अचूक का ठरतं, तेही त्यानेच दाखवलं. नियमाची हद्द सिद्धांताने आखली.

पाठीशी सिद्धांत नसलेल्या नियमाचे हालही पाहण्यासारखे आहेत. ग्रहांची अंतरं एका ठरावीक श्रेणीत वाढतात, असा टिटियस-बोडे नियम. १७८१ मध्ये सापडलेला युरेनस त्यात बसला, १८०१ मध्ये सापडलेला सिरीस हा बटुग्रहही. नेपच्यून पृथ्वी-सूर्य अंतराच्या ३८ पटींहून दूर असायला हवा होता. निघाला ३० पटींवर. नियम का मोडला, हे सांगायला त्याच्याकडे कोणी नव्हतं.

म्हणून ‘दोघांची कामं वेगळी, लहानमोठं कोणी नाही’ या समजूतदार उत्तरावर मी आता थांबणार नाही. वक्त्यांची शिडी चुकीची तर आहेच, उलटीही आहे. सिद्धांत वरचा. जीवशास्त्रातही मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम कुठे लागू पडत नाहीत, हे गुणसूत्रांच्या सिद्धांतानेच उलगडलं. सामान्य सापेक्षता तर आपलीही हद्द दाखवते: कृष्णविवराच्या केंद्राशी तिची उत्तरं अनंताला जातात, म्हणजे तिथे तिच्यापुढचं काही हवं.

न्यूटनच्या सूत्रात आकर्षण तत्क्षणी पोचतं. त्यात लहरींना जागाच नाही. गुरुत्वलहरींचं भाकीत सापेक्षतेतून १९१६ साली निघालं आणि १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगोच्या यंत्रांनी त्या टिपल्या. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारायच्या लायगो-इंडिया या वेधशाळेला २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. तिच्या काटकोनातल्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटरच्या असतील आणि त्यांच्या लांबीतला प्रोटॉनहून कितीतरी लहान फरक तिथे मोजायचा आहे. न्यूटनच्या नियमावर विसंबून कुणी त्या माळावर एक खांबही रोवला नसता.