चिठ्ठीत विनोद कोंबू नका

वह्या मिटा आणि इकडे बघा. शनिवारच्या उत्स्फूर्त नाट्यप्रयोगासाठी तुम्ही चिठ्ठ्यांनी भरलेला डबा उघडून मी एकेक चिठ्ठी वाचली. ‘मंगळावरचा न्हावी’. ‘लिफ्टमध्ये अडकलेला अमिताभ’. ‘भूत दातांच्या डॉक्टरकडे’. सगळी टीव्हीची उष्टावळ! डहाणू-तलासरीत वाढलात, आणि एकाही चिठ्ठीत इथलं माणूस नाही?

नट डब्यातून चिठ्ठी उचलतो, आणि शिट्टी वाजल्यावर त्याच्या हाती दीड मिनिट असतं. त्यातलं अर्धं तो मंगळ दाखवण्यातच घालवणार. विनोद तुम्हीच चिठ्ठीत उरकलात, मग त्याने करायचं काय? तुम्ही पेच द्यायचा. कोण आहे, कुठे आहे, त्याला काय हवंय, ते कशामुळे अडलंय. बस्स. शिकागोत व्हायोला स्पोलिनबाईंनी स्थलांतरितांच्या मुलांना घेऊन असे खेळ बसवले, १९६३ साली पुस्तकात मांडले, तेही ‘कोण, कुठे, काय’ याच पायावर. आणि इतक्या लांब कशाला जायचं? ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यात दादा कोंडके ताज्या घडामोडींवर जागच्या जागी बोलायचे, ते वसंत सबनीसांनी खाली पक्का पेच रचून ठेवला होता म्हणून. कोतवालाची जागा रिकामी, हवालदाराला ती हवी आणि प्रधानाला तिथे आपला मेहुणा बसवायचाय.

आता इथलं ऐका. पहाटेची डहाणू लोकल सुटतेय, मावशींची बोंबलाची पाटी दारात अडकलीय, मागच्या पोराची परीक्षा आहे. तलासरीजवळ हायवेवर ट्रक अडवलाय, कागद घरी राहिलेत, आत घोलवडचे चिकू पिकत चाललेत. लग्नघरात लग्न लावणारी धवलेरी गाणं म्हणतेय, मांडवाबाहेर डीजेवाला आवाज कमी करायला तयार नाही. यात मी एकही विनोद लिहिलेला नाही. पण नट उभा राहिला की पहिल्या वाक्यापासून खेचाखेच सुरू होईल.

आणि ‘दारू प्यायलेला वारली’ ही चिठ्ठी मी फाडली. कुणी लिहिली ते विचारत नाही, पण मान वर करून ऐका. इथल्याच तलासरी तालुक्यातल्या झरी गावात १९४५ साली वारल्यांनी जमून वेठबिगारी करणार नाही अशी शपथ घेतली, कार्यकर्त्या गोदावरी परुळेकरांच्या सोबतीने जमीनदारांसमोर ताठ उभे राहिले. त्यांची पतवंडं या वर्गात बसतात. त्यांचे आईबाप शनिवारी पाड्यावरून चालत प्रयोगाला येणार, आणि तुम्ही त्यांना हे दाखवणार होता? माणूस जातीमुळे हसण्याजोगा होत नाही. अडचणीत सापडल्यावर तो कसा धडपडतो, त्याचं हसू येतं. पेचात टाकायचंच तर ज्याच्या हाती शिक्का आहे त्याला टाका.

डबा रिकामा करा. आज सुटल्यावर स्टेशनवर, एसटी स्टँडवर, बाजारात जाऊन उभे राहा. कोण कशासाठी अडलंय ते नीट ऐका. उद्या प्रत्येकी पाच चिठ्ठ्या, एकेक दोन ओळींची, आणि प्रत्येकाने आपल्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर उभं राहून वाचायच्या.