नाइलाजाची चव

पोलंडमध्ये चेर्निना नावाचं एक सूप आहे. बदक कापताना त्याचं रक्त भांड्यात धरतात, ते गोठू नये म्हणून त्यात थोडं व्हिनेगर घालतात आणि मग बदकाच्या रश्श्यात ते हळूहळू ओततात. सोबत वाळवलेले प्लम, नासपती. रंग काळसर तपकिरी, चव आंबटगोड. मुलीला मागणी घालायला आलेल्या तरुणापुढे हे सूप ठेवलं की त्यानं समजायचं, नकार आहे. आदाम मित्सकिएविच या पोलिश कवीच्या १८३४ सालच्या ‘पान तादेउश’ या महाकाव्यात अशा नकाराची गोष्ट आहे. पोलिश घरांत डुकराचं रक्त, काळीज आणि कुट्टू एकत्र शिजवून आतड्यात भरतात, ती काशांका. बैलाच्या किंवा गाईच्या पोटाची पिशवी पुन्हा पुन्हा धुऊन, उकळून, पट्ट्या कापून, आलं-जायफळ घालून केलेलं फ्लाकी तर लग्नाच्या पंगतीतही असतं.

नांदेड-लातूरकडच्या माणसाला यात परकं फारसं काही वाटणार नाही. रक्ती आपल्याकडेही होते. रक्त थिजू द्यायचं, उकळायचं, मोकळं करायचं आणि कांदा-मिरचीवर परतायचं. पोटाची पिशवी आणि आतडी गरम पाण्यानं खरवडून धुतली की ती वजडी. पोलिश बाई आणि मराठवाड्यातली बाई यांना एकमेकींची भाषा येत नसली, तरी आतडं कसं उलटं करून धुवायचं, हे एकमेकींना दाखवता येईल.

फरक पुढे आहे. पोलंडमध्ये हे पदार्थ ‘आजीच्या हातचे’ म्हणून सांगितले जातात. आपल्याकडे यातले काही पदार्थ सांगताना आवाज खाली येतो, आणि काहींचं तर घराबाहेर नावच काढलं जात नाही. रक्त तेच, आतडं तेच. मग लाज कुठून आली?

एक उत्तर असं की लाज पदार्थातच असते, किळस नैसर्गिक असते. हे उत्तर मराठवाड्यातच खोटं ठरतं. जत्रेला, कंदुरीला किंवा आखाडात बोकड पडतो, मुलाणी तो कापतो आणि मराठा, धनगर, हटकर अशा कितीतरी घरांत त्याच दिवशी रक्ती आणि वजडी होते. त्यात कुणाची मान खाली जात नाही. उमरीसारख्या तालुक्याच्या गावात बाजारच्या दिवशी मटणाच्या दुकानापुढे उभं राहिलं, तर मुंडी-पाये मागणाऱ्यांत सगळ्या जातींची माणसं दिसतील. किळस अवयवाची असती, तर ती सगळ्यांना सारखीच वाटली असती. ती आहे जनावराची, आणि त्याहून जास्त, ते जनावर ताटात कोणत्या वाटेनं आलं त्याची.

ती वाट सगळ्यांना माहीत आहे. गावात ढोर मेलं की ते ओढून नेणं हे महारांचं काम ठरवलेलं होतं. त्या कामाचा मोबदला म्हणजे त्याच ढोराचं मांस. मांस एकदम पुष्कळ मिळे आणि मग कित्येक दिवस काहीच नसे. म्हणून ते टिकवावं लागे. लांब पट्ट्या कापायच्या, हळद-मीठ लावायचं, दोरीवर उन्हात वाळत घालायच्या. याच चान्या. पुढे गरजेप्रमाणे निखाऱ्यावर भाजायच्या नाहीतर कालवणात टाकायच्या. तेल नाही, खोबरं नाही, तर रस्सा दाट करायला भाजलेल्या धान्याचा आणि मसाल्याचा येसर. या स्वयंपाकात हुशारी किती आहे, हे कुठल्याही सुगरणीला सांगायला नको. पण ती हुशारी वापरायची वेळ का आली, हाही त्या पाककृतीचाच भाग आहे.

शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ साली आलं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग घरांतलं खाणं त्यात पाककृतींसह नोंदलेलं आहे. २०२४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवादही निघाला. शीर्षकात त्यांनी फक्त एक ‘अ’ वाढवला आहे. ज्या अन्नाला आपण पूर्णब्रह्म म्हणतो, ते सगळ्यांच्या ताटात पूर्ण कधीच नव्हतं, एवढं तो ‘अ’ सांगतो. मराठीत पाककृतींची पुस्तकं शंभर वर्षांहून अधिक काळ छापली जात आहेत. त्या सगळ्या काळात या चुलींवर रोज काहीतरी शिजतच होतं. ते छापलं गेलं नाही, एवढंच.

इथे एक अडचण उभी राहते, आणि ती खरी आहे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या माणसांना मेलेल्या जनावराचं मांस आणि उष्टं-शिळं सोडायला सांगितलं. लोकांनी ते सोडलं. ते सोपं नव्हतं. ज्या घरात दुसरं काही नाही, तिथे हाती आलेलं मांस नाकारणं म्हणजे उपाशी झोपणं. गावानं त्यासाठी बहिष्कार घातले, मारही दिला. इतकी किंमत देऊन जे सोडलं, त्याच्या पाककृती आता लिहून ठेवणं म्हणजे त्या सोडण्याचा अपमान नाही का?

समजा, एका घरातली नात आजीला विचारते, चान्या कशा करायच्या? आजी म्हणते, ते विचारू नकोस, ते आपण सोडलं. नातीला वाटतं, आजीनं लाज मनात मुरवून घेतली आहे. आजीला वाटतं, पोरीला ठाऊकच नाही आम्ही कशातून निघालो. दोघींपैकी कोण बरोबर?

मला वाटतं, दोघी एकाच गोष्टीचा आग्रह धरत आहेत. आजीनं सोडताना सांगितलं की मी काय खायचं ते गाव ठरवणार नाही. नात विचारताना सांगते की मी कशाची लाज बाळगायची तेही गाव ठरवणार नाही. आजीनं नाकारली ती अट : ओढशील तर खाशील. अट आणि पदार्थ तेव्हा एकमेकांना इतके चिकटलेले होते की एक टाकायचं तर दुसरं टाकावंच लागलं. आज अट गेली असेल, तर पदार्थाकडे वेगळं बघता येतं. पण आजीनं नाही म्हटलं, तर ते नाही हेच उत्तर आहे. आठवण तिची आहे, आणि कुणाच्या अभ्यासासाठी ती उघडून दाखवायला ती बांधील नाही.

सोडणं आणि सोडायला लावणं यांतला फरकही इथेच कळतो. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर १९७६च्या कायद्यानं बंदी होती. मार्च २०१५ पासून ती बैल आणि वळूंनाही लागू झाली. राज्याबाहेर कापलेल्या अशा जनावराचं मांस नुसतं जवळ बाळगणं हाही गुन्हा ठरवला होता. मुंबई उच्च न्यायालयानं ६ मे २०१६ रोजी ते कलम रद्द केलं, कत्तलबंदी मात्र कायम ठेवली. वरवर पाहिलं तर १९२७ आणि २०१५ या दोन्ही वेळी एकच घडलं, ताटातलं मांस गेलं. पण महाडला सांगणारा माणूस ऐकणाऱ्यांतलाच होता आणि त्यानं मागितला होता तो त्यांचा निर्णय. कायदा निर्णय मागत नाही. पहिल्या वेळी माणूस ताठ झाला. दुसऱ्या वेळी त्याच्या पिशवीत काय आहे, हे तपासायचा अधिकार इतरांना मिळाला.

यावर कुणी म्हणेल, खरा नैतिक प्रश्न जनावराच्या जिवाचा आहे, माणसांच्या मानापमानाचा नाही. जिवाचा प्रश्न मोठा आहे, आणि जो तो मनापासून विचारतो त्याला मी टाळणार नाही. पण तो प्रश्न विचारणाऱ्यानं कोंबडीलाही तो लागू केला पाहिजे. बॉयलर कोंबडी खाऊन बैलाच्या मांसाची किळस करणारा माणूस जिवाविषयी बोलत नसतो. आणि ज्या स्वयंपाकात कापलेल्या जनावराचं रक्त, खूर, आतडंसुद्धा वाया जात नाही, तो जिवाच्या बाबतीत फक्त मऊ बोटी निवडणाऱ्या स्वयंपाकापेक्षा कमी प्रामाणिक कसा?

पोलंडकडे पुन्हा यायचं कारण वेगळं आहे. सोव्हिएत राजवटीनं १९४०-४१ मध्ये पूर्व पोलंडमधून लाखो लोक सायबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केले. त्यांतले काही पुढे इराणमार्गे भारतात आले. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. त्यांचं स्मारक आज कोल्हापुरात आहे. हद्दपारीतली भूक ही माणसं पुढे आयुष्यभर सांगत राहिली, आणि ऐकणाऱ्यांनी ती आदरानं ऐकली. उपाशी राहिल्याबद्दल त्यांना कुणी हलकं समजलं नाही.

आपल्याकडे बाहत्तरच्या दुष्काळाचंही असंच आहे. लाल मिलोच्या भाकरी आणि सुकडी यांच्या आठवणी मराठवाड्यातले म्हातारे आजही मोठ्यानं सांगतात, सगळ्या जातींचे. त्या सांगण्यात थोडा अभिमानही असतो. कारण ती भूक आभाळातून आली होती आणि सगळ्या गावावर आली होती. शत्रूनं लादलेली भूक शौर्याची गोष्ट होते, निसर्गानं लादलेली भूक सोसल्याची गोष्ट होते. शेजाऱ्यानं लादलेली भूक मात्र सांगता येत नाही, कारण ऐकणारा तोच शेजारी असतो. चान्यांबद्दल बोलताना आवाज खाली येतो तो यामुळे. लाज वाटायची जबाबदारी ज्याची होती, त्यानं ती घेतली नाही, म्हणून ती खाणाऱ्याच्या वाट्याला आली.

आता शहरांत ‘हरवलेले पदार्थ’ शोधायची हौस आली आहे. रक्ती, वजडी, येसर यांचे फोटो निघतात, हॉटेलांत त्यांना भावही येतो. हे वाईट आहे असं मी म्हणणार नाही. एखाद्या बाईला तिच्या घरच्या रांधण्याचे पैसे मिळाले, तर ते चांगलंच. पण ‘किती अस्सल चव’ म्हणणाऱ्यानं एवढं तरी लक्षात ठेवावं की ही चव हौसेनं शोधलेली नव्हती. कौतुक करायच्या आधी, ती कुणाला का शोधावी लागली, हे ऐकून घ्यावं. ऐकवायचं की नाही, हे सांगणारीवर सोडावं. आणि आपल्या आजोबांच्या दारात मेलेलं ढोर कोण ओढून नेत होतं आणि बदल्यात त्याला काय दिलं जात होतं, हा प्रश्न आपल्या घरात विचारावा.

हा शेवटचा प्रश्न कठीण आहे. पाककृती देणारं घर आजवर एकटंच आठवत आलं आहे. बैलाचं मालक असलेल्या घरालाही आठवण असणारच. त्या ढोराचं नाव काय होतं, ते किती वर्षं नांगराला जुंपलं होतं, कोणत्या साली मेलं, हे शेतकऱ्याच्या घरात पिढ्यानपिढ्या सांगतात, आणि बैल गेल्याचं दुःख खरंच असतं. मात्र गोष्ट तिथेच संपते. मेलेला बैल वाड्याबाहेर गेल्यावर त्याचं पुढे काय झालं, हे त्या घरात कुणी सांगत नाही. पाटोळ्यांच्या पुस्तकात ते आहे. दोन्ही घरांची आठवण शेजारी शेजारी ठेवून वाचली, तरच ती पाककृती पुरी होईल.