वेटोळ्यासमोर बसून

आधी हात साबणाने धुवा. बोटांना उंदराचा वास असेल तर सापाला तुम्ही नव्हे, खाणं जवळ आल्याचं कळेल. मग काचेच्या पेटीसमोर बसा. दार उघडू नका. आत बॉल पायथन आहे, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोटा अजगर, भ्यायला की डोकं आत घेऊन गोळा होणारा.

काहीही शोधू नका. फक्त पाहा.

आता त्याच्या श्वासाकडे या. अंगाचा पुढचा भाग फुगतो, खाली बसतो आणि मग बराच वेळ हालचालच नाही. हा थांबा नेहमीचाच, घाबरू नका. स्वतःचा श्वास मुद्दाम लांबवू नका, त्याचा किती लांबतो ते पाहा. आपल्याला कफ झाला की खोकून टाकता येतो. सापाला श्वासपटल नसतं, खोकता येत नाही, म्हणून फुप्फुसात साचलेलं तिथेच साचत जातं. नाकपुडीशी बुडबुडा, ओठांच्या कडेला चिकट लाळ, वर धरून ठेवलेलं डोकं, उघड्या तोंडाने घेतलेला श्वास: यातलं एक जरी दिसलं तरी थांबू नका, डॉक्टर गाठा. नुसती बारीक शिट्टी मात्र कात टाकण्याच्या दिवसांतही ऐकू येते.

नजर हळूच डोळ्यांवर न्या. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि कातीबरोबर तोही निघतो. डोळे दुधाळ निळसर झाले असतील तर त्याला हात लावू नका, खायला घालू नका, पेटीत ओलावा वाढवा. काही दिवसांनी डोळे निवळतील आणि मग कात निघेल. निघालेली कात टाकून देण्याआधी उजेडात धरा. डोळ्यांच्या जागी दोन गोल चकत्या आहेत का? शेपटीचं टोक आहे का? चकती डोळ्यावरच राहिली असेल तर चिमट्याने ओढू नका, खालचा डोळा कायमचा जाऊ शकतो.

आता तापमापीकडे. इथे मला सर्वांत जास्त वेळ थांबायचं आहे.

सापाला स्वतःचा ताप आणता येत नाही, तो शोधावा लागतो. १९७५ मध्ये मॅथ्यू क्लुगर आणि सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वाना सरड्यांना जिवाणूंचा संसर्ग करून वेगवेगळ्या तापमानांत ठेवलं. उबेत ठेवलेले अधिक जगले, कमी तापमानात ठेवलेले बहुतेक गेले. मोकळ्या रानात आजारी सरपटणारा जीव ऊन गाठतो. पेटीतल्या सापाला ऊन म्हणजे आपण लावलेली तापणारी चटई, आणि ती बिघडली तर जायला दुसरी जागा नाही. म्हणून बहुतेक आजारांचं मूळ मी आधी पेटीत शोधतो, नंतर सापात. उबदार बाजू ३१ ते ३२ अंश, थंड बाजू २५ ते २६. काचेवर चिकटवलेला आकडा नको, पोट टेकतं तिथलं तापमान हवं. थर्मोस्टॅट नसेल तर आजच आणा. अति गरम जागेवरून साप आपणहून उठतोच असं नाही, पोट भाजेपर्यंत तो तिथेच पडून राहू शकतो.

तो पाण्याच्या भांड्यातच बसून आहे का? पाण्याच्या तळाशी मोहरीहून बारीक काळे ठिपके दिसले तर ते रक्त पिणारे माइट. नवा साप आणला असेल तर तो तीन महिने दुसऱ्या खोलीत ठेवावा. २०१२ मध्ये अजगर आणि बोआंच्या एका असाध्य रोगामागे एरिनाव्हायरस असल्याचं समोर आलं. तो माइटमार्फत पसरत असावा अशी दाट शंका आहे. मान मागे वळवून वर पाहत राहणारा, उलटा केल्यावर सरळ न होणारा साप लगेच वेगळा करा.

खात नाही, या चिंतेपाशी थोडं शांत बसा. बॉल पायथन काही महिने उपाशी राहू शकतो. वजनकाट्यावर दर आठवड्याला नोंद ठेवा. वजन टिकून असेल तर वाट पाहा, दशांशाने घटलं तर पाहू नका. आणि दूध कधीच देऊ नका. नागपंचमीला नाग दूध पितो, कारण गारुड्याने त्याला कित्येक दिवस तहानलेलं ठेवलेलं असतं.

आपल्याकडची धामण, नाग, अजगर घरात पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. परदेशी बॉल पायथनचीही सरकारदरबारी नोंद लागते. कागद आधीच नीट ठेवा. लपवण्यात गेलेले दिवस आजाराला मिळतात.

फुप्फुसात जिवाणूंचा संसर्ग असेल तर डॉक्टर प्रतिजैविकाची सुई देतील, बहुधा अंगाच्या पुढच्या भागात, कारण मागच्या भागातलं रक्त शरीरभर फिरण्याआधी मूत्रपिंडातून जाऊ शकतं. काही औषधांच्या सुया तीन-तीन दिवसांनी असतात. त्या मुदतीत पेटी उबदारच ठेवा, थंड अंगात औषधही संथ चालतं. दोन सुयांनंतर श्वास मोकळा वाटू शकतो. तरीही पुढची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि डॉक्टरांनी सांगितलेली शेवटची सुई होईपर्यंत उपचार बंद करू नका.