पाप कुणाच्या खात्यावर? टॉडमॉर्डनची गिरणी आणि दहा तासांचा कायदा

टॉडमॉर्डन हे उत्तर इंग्लंडातले, मँचेस्टर आणि लीड्सच्या दरम्यान पेनाइन डोंगरात वसलेले जेमतेम १५ हजार वस्तीचे गाव. काल्डर नदीचे अरुंद खोरे, दोन्ही अंगांना चढत गेलेली कुरणे आणि माथ्यावर उघडा माळ. लँकेशायर आणि यॉर्कशायर या परगण्यांची जुनी हद्द गावाच्या मधून जाई. १८७५ साली बांधलेले नगरभवन या हद्दीवरच उभे आहे. त्याच्या दर्शनी कपाळपट्टीवर एका बाजूला लँकेशायरचा कापूसधंदा, दुसऱ्या बाजूला यॉर्कशायरची लोकर आणि शेती कोरलेली दिसते. शंभर-सव्वाशे वर्षे या गावाचा दिवस गिरणीच्या वेळेवर उगवला आणि मावळला. आता गिरण्या थंडावल्या आहेत. पण इथल्या एका गिरणीमालकाने जो प्रश्न उभा केला, तो धर्मविचारातला जुना आणि अवघड प्रश्न आहे: ज्या व्यवस्थेत चांगला माणूसही चांगले वागू शकत नाही, तिथले पाप कुणाचे?

तो मालक म्हणजे जॉन फील्डन (१७८४–१८४९). वडील क्वेकर पंथाचे. त्यांनी काही साध्या घरांत सूत कातण्याचा धंदा सुरू केला आणि मुलांच्या काळात ‘फील्डन ब्रदर्स’ ही देशातल्या मोठ्या कापूस-पेढ्यांपैकी एक झाली. जॉन दहा वर्षांचा झाला न झाला तोच वडिलांच्या गिरणीत कामाला लागला. त्या वयातला थकवा ते पुढे कधी विसरले नाहीत. मोठेपणी ते युनिटेरियन झाले. देव एकच, येशू हा थोर मानव आणि धर्माची कसोटी विवेक, असे मानणारा हा पंथ. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव ही कल्पना, नाकारणे हा इंग्लंडात १८१३ पर्यंत कायद्याने गुन्हाच होता. मराठी वाचकाला हा पंथ परका नाही. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकायला गेले, ते युनिटेरियनांच्याच मदतीने. टॉडमॉर्डनच्या युनिटेरियन चॅपेलची रविवारची शाळा फील्डन स्वतः घेत. समोर बसलेली मुले आठवड्याचे उरलेले सहा दिवस कुठे असतात, हे त्यांना वेगळे कळायची गरज नव्हती.

त्यांनी केलेली एक मोजणी इथे सविस्तर सांगायला हवी. सूत कातण्याचे मोठे यंत्र चात्यांची लांबच लांब रांग घेऊन पुढे-मागे सरके आणि तुटलेले धागे जोडणारी मुले त्याच्या मागोमाग धावत. कामगारांच्या प्रतिनिधींनी फील्डन यांच्यापुढे एक हिशेब ठेवला. त्यानुसार असे मूल दिवसाकाठी पंचवीसेक मैल चालत होते. फील्डन यांचा विश्वास बसेना. मग त्यांनी आपल्याच गिरणीत मोजून पाहिले. बारा तासांत किमान वीस मैल भरले. १८३६ साली ‘द कर्स ऑफ द फॅक्टरी सिस्टिम’ या पुस्तिकेत त्यांनी हा आकडा छापला. दुसऱ्याच्या गिरणीतला अन्याय दाखवणारे बरेच असतात. आपल्याच गिरणीतला आकडा जाहीर करणारे फार थोडे.

पण आकडा छापून भागत नाही. मग मालकाने आपल्या गिरणीतले तास कमी का केले नाहीत? धर्माने दिलेले रूढ उत्तर असे की आपण आपले हात स्वच्छ ठेवावेत. गिरणीमालक टायटस सॉल्ट यांनी पुढे तोच मार्ग धरला. ब्रॅडफर्डजवळच्या सॉल्टेअरला त्यांनी १८५३ साली गिरणी उघडली आणि तिच्याभोवती कामगारांसाठी घरे व चर्च बांधले, दारूचा गुत्ता मात्र होऊ दिला नाही. फील्डन यांना हे उत्तर पुरेसे वाटले नाही. त्यांचा युक्तिवाद धंद्यातला होता, पण त्याच्या पोटात नीतीचा सिद्धान्त होता. एका मालकाने दोन तास कमी केले की त्याचे सूत महाग पडते आणि गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे जाते. अखेर त्याची गिरणी मोडते आणि मुले बारा तासांच्या गिरणीतच जातात. म्हणजे एकट्याच्या सद्गुणाने मुलांचे दुःख तसूभरही कमी होत नाही, फार तर मालकाला रात्री शांत झोप लागते. १८३३ साली समाजसुधारक रॉबर्ट ओवेन यांच्यासोबत त्यांनी एक संस्था काढून आठ तासांच्या दिवसाचा आग्रह धरला. मालक-मजुरांच्या राजीखुशीवर उभा असलेला तो बेत काही महिन्यांतच बारगळला. उरला तो कायदाच, सगळ्यांना एकाच दिवशी लागू होणारा.

या म्हणण्याला खरा विरोध झाला तो जवळच्याच रॉचडेलमधून. जॉन ब्राइट हेही गिरणीमालक, क्वेकर आणि गुलामगिरीचे कडवे विरोधक. प्रौढ माणसाने आपले श्रम किती तास विकावेत हे त्याने ठरवावे, कायद्याने नव्हे, असे त्यांचे मत होते. ब्राइट यांना ढोंगी ठरवणे सोपे आहे, पण चुकीचे. क्वेकर परंपरेत देवाचा प्रकाश प्रत्येकाच्या अंतःकरणात असतो; म्हणून सक्तीने लादलेले पुण्य हे पुण्यच नव्हे. फील्डन यांचे म्हणणे एवढेच की वीस मैल चालणाऱ्या मुलीच्या अंतःकरणाला कुणी काही विचारलेलेच नव्हते.

वाद खरा पापाच्या पत्त्याचा आहे. ख्रिस्ती धर्मशास्त्रात पाप व्यक्तीचे असते. मूळ पाप सगळ्यांचे असले, तरी पश्चात्ताप ज्याचा त्याने करायचा. आपल्याकडच्या कर्मविचारातही हिशेब ज्याच्या त्याच्या नावावरच चढतो. फील्डन यांनी व्यवहारात जे मांडले त्याला विसाव्या शतकातल्या धर्मचिंतकांनी ‘संरचनात्मक पाप’ असे नाव दिले. अन्याय कुणा एकाच्या मनात नसून मांडणीत असतो. मग प्रायश्चित्तही मांडणी बदलूनच घ्यावे लागते. यात धोका आहेच. सगळा दोष व्यवस्थेवर ढकलून माणूस नामानिराळा होऊ शकतो. फील्डन यांच्यापुरती ही शंका फिटते, कारण त्यांनी मागितलेला कायदा पहिल्यांदा त्यांच्याच नफ्याला कात्री लावणार होता.

दहा तासांचा कायदा ८ जून १८४७ रोजी झाला. संसदेत तो रेटणारे लॉर्ड अॅश्ली यांनी आदल्या वर्षी राजीनामा दिल्यामुळे विधेयक ओल्डहॅमचे खासदार असलेल्या फील्डन यांनीच मांडले. त्याने स्त्रिया आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांच्या कामाला दिवसाला दहा तासांची मर्यादा घातली. पण तो मंजूर कसा झाला? १८४६ साली गिरणीमालकांच्या दबावाने धान्यावरची आयात जकात उठली होती आणि दुखावलेल्या जमीनदार टोरी खासदारांना त्याचा वचपा काढायचा होता. शिवाय धंद्यात मंदी होती. पुष्कळ गिरण्या तशाही कमी वेळ चालत होत्या. थोडक्यात, चांगला कायदा बऱ्याचशा अशुद्ध हेतूंनी झाला. ज्यांना हेतूच्या शुद्धीवर नीती तोलायची आहे त्यांच्या घशात हा घास अडकतो. मुलांच्या दृष्टीने पाहिले तर मात्र तासाला हेतू नसतो. संध्याकाळ हाती आली की आली. त्याच वर्षी फील्डन ओल्डहॅमची संसदेतली जागा हरले आणि दोन वर्षांनी वारले.

त्यांच्या मुलांनी वडिलांच्या स्मरणार्थ १८६९ साली टेकडीच्या उतारावर उंच मनोऱ्याचे युनिटेरियन चर्च बांधले. ते इतके भव्य आहे की साधेपणाची शिकवण देणाऱ्या पंथाला जरा अवघडच वाटावे. फील्डन यांची कबर मात्र जुन्या चॅपेलच्या आवारातच आहे.

व्यवस्थेचे पाप कायद्याने धुवायचे म्हटले, तर कायद्याचा हात पोचतो कुठपर्यंत हाही प्रश्न येतो. टॉडमॉर्डनच्या चात्यांवर चढणारा कापूस लिव्हरपूलमार्गे येई आणि त्यातला बहुतांश अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामांनी वेचलेला असे. दहा तासांची मर्यादा त्या शेतांना नव्हती. इथे ब्राइट यांची नजर अधिक दूरची ठरते. अमेरिकेवरचा भार कमी व्हावा म्हणून हिंदुस्थानात कापूस वाढवण्याचा विचार करणाऱ्या १८४८ च्या संसदीय समितीचे ते अध्यक्ष होते. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिथल्या कापसाचा पुरवठा तुटला आणि लँकेशायरमध्ये उपासमार आली. त्या वेळी पश्चिम हिंदुस्थानातला आखूड धाग्याचा कापूस तिथे ‘सुरत’ नावाने पोचला. तो कातताना इतका तुटे की देवाकडे कापूस मागणाऱ्या प्रार्थनासभेत कुणीतरी ‘पण सुरत नको’ अशी पुरवणी जोडली, अशी आख्यायिका आहे.

मुंबईच्या गिरण्या उभ्या राहिल्यावर कामाच्या वेळेचा हाच प्रश्न इथे आला, पण पेच वेगळा होता. इंग्लंडात रविवार देवाचा म्हणून आधीच सुटलेला होता. भांडण उरलेल्या सहा दिवसांचे होते. मुंबईच्या कामगाराला साप्ताहिक सुट्टीच नव्हती. कामगार-पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी रविवार हा खंडोबाचा वार आहे, असा आधार देत ती सुट्टी मागितली आणि १८९० साली गिरणीमालकांनी ती मान्य केली. १८९१ च्या हिंदुस्थानी कारखाना कायद्याने साप्ताहिक सुट्टी बंधनकारक झाली आणि स्त्रियांच्या कामाला दिवसाला अकरा तासांची मर्यादा पडली. त्यासाठी लंडनमध्ये जोर लावणाऱ्यांत लँकेशायरचे गिरणीमालकही होते. मुंबईचे स्वस्त सूत त्यांना सलत होते. प्रौढ पुरुषांच्या तासांना मात्र इथे १९११ च्या कायद्यापर्यंत कसलीच मर्यादा नव्हती आणि त्या कायद्याने घातली तीही बारा तासांची.