साक्षी कोण?

‘पळून जाऊन लग्न’ हे शब्द आपल्या घरांतून आजवर खालच्या आवाजातच उच्चारले गेले. रात्रीचा प्रवास, मागे राहिलेल्यांचा संताप आणि पुढे काय वाढून ठेवले आहे याची धास्ती, हे सारे त्या शब्दांत आपोआप येत असे. अलीकडे मात्र त्याच अर्थाच्या ‘इलोपमेंट’ या इंग्रजी शब्दाने निराळेच रूप धारण केले आहे. अमेरिकेत आणि कॅनडात या नावाखाली जे विवाह होतात, त्यांत बहुधा कोणी कोणाच्या धाकाने पळत नाही. वधूवर, फार तर चारदोन माणसे, एक छायाचित्रकार आणि एखादे रम्य सरोवर एवढ्यावर विवाह पार पडतो. आईवडिलांना तो आधीपासून ठाऊक असतो. कित्येकदा त्यांचा आशीर्वादही असतो. टाळायचा असतो तो गोतावळा, आणि साधायचा असतो तो प्रकाश. कोणत्या सरोवराच्या कोणत्या काठावर, कोणत्या महिन्यात आणि किती वाजता ऊन चांगले पडते, याचा शोध विवाहाच्या तयारीतील मुख्य भाग होऊन बसतो. आपल्यापैकी अनेकांची नातवंडे आज त्या देशांत आहेत. तेव्हा हा प्रश्न परका राहिलेला नाही : आयुष्यभराचे वचन ज्या क्षणी द्यायचे, तो क्षण छायाचित्रात सुंदर दिसावा म्हणून निवडणे योग्य आहे काय?

विचार हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण घेऊ. कॅनडातील आल्बर्टा प्रांतात, बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात, मोरेन नावाचे सरोवर आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 1,880 मीटर उंचीवर, दहा शिखरांच्या दरीत ते वसले आहे. कॅनडाच्या 20 डॉलरच्या नोटेवर, 1969 आणि 1979 च्या मालिकांत, याच सरोवराचे चित्र होते. हिमनद्या खडक घासत खाली सरकतात. त्या घर्षणातून निघालेली पिठासारखी भुकटी वितळत्या पाण्याबरोबर सरोवरात येते आणि तिच्यामुळे पाण्याला मोरपंखी निळाई चढते. पहाटेचे पहिले किरण शिखरमाथ्यांवर पडले की ते केशरी होतात. वाराही त्या वेळी बहुधा पडलेला असतो, म्हणून पाणी आरशासारखे स्थिर राहते. पाण्याची खरी निळाई मात्र सूर्य बराच वर आल्यावर खुलते. म्हणजे शिखरांचा केशरी रंग हवा की पाण्याचा निळा, हे आधी ठरवावे लागते. संध्याकाळसाठी छापील सूर्यास्ताची वेळ उपयोगी पडत नाही, कारण डोंगराआड सूर्य त्याच्या कितीतरी आधी जातो. सरोवराकडे जाणारा रस्ता साधारणतः जूनपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच खुला असतो, आणि 2023 पासून खासगी मोटारींना तेथे मज्जाव आहे. जूनअखेरीस तेथील सूर्योदय साडेपाचच्या सुमारास होतो. तो गाठायचा तर अंधारातच बसने निघावे लागते. उद्यानात विवाह करण्यासाठी परवाना काढावा लागतो तो वेगळाच.

एवढी खटपट करणाऱ्या तरुण जोडप्याला ‘फोटोसाठी लग्न करणारे’ म्हणून उडवून लावणे सोपे आहे. पण ते न्याय्य नव्हे. उन्हाकडे पाहून लग्नाची वेळ ठरवणे ही आपल्याही घरची जुनी रीत आहे. गोरज मुहूर्त म्हणजे काय? गाई रानातून परततात, त्यांच्या खुरांनी उडालेल्या धुळीवर मावळतीचे ऊन पडते, ती वेळ. छायाचित्रकार ज्याला ‘गोल्डन अवर’ म्हणतात तीही दिवसाच्या दोन्ही टोकांना येणारी अशीच वेळ. सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याच्या किरणांना वातावरणाचा जाड थर ओलांडावा लागतो, त्यात निळा प्रकाश विखरून जातो, तांबूस-सोनेरी उरतो आणि सावल्या मऊ होतात. आपल्या पूर्वजांनी या वेळेला मंगल म्हटले, आजची मुले तिला सुंदर म्हणतात. पाणीही आपल्या विवाहात होतेच. वेळ मोजण्यासाठी तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडत. ती भरून बुडाली की चोवीस मिनिटांची एक घटिका झाली. काठावर उभे राहून पाण्यात प्रतिबिंब शोधणाऱ्यांच्या आणि घंगाळातील घटिकापात्राकडे डोळे लावून बसलेल्यांच्या उत्कंठेत आम्हांला फारसा फरक दिसत नाही.

छायाचित्राचा सोसही आजचा नाही. ज्यांनी हैदराबादच्या निजामाकडून राजा ही पदवी मिळवली ते लाला दीनदयाळ 1870 च्या दशकात इंदुरास नोकरीत असतानाच छायाचित्रणाकडे वळले. पुढे सिकंदराबादेत त्यांचा स्टुडिओ झाला, आणि 1892 मध्ये पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र स्टुडिओही निघाला. विजेचे दिवे सर्रास होण्यापूर्वीच्या स्टुडिओंना काचेचे छप्पर किंवा मोठ्या खिडक्या असत. उन्हाची वेळ पाहूनच गिऱ्हाईक बोलावले जाई. आपल्या दिवाणखान्यांतील जुन्या तसबिरी नीट न्याहाळाव्यात. नऊवारीतील आजी खुर्चीवर बसलेली, फेटा बांधलेले आजोबा बाजूला उभे, आणि मागच्या पडद्यावर रंगवलेले सरोवर, कठडा, क्वचित हंसांची जोडी. नातवंडे खऱ्या सरोवराकाठी गेली इतकेच. मात्र आजी-आजोबांचे लग्न आधी झाले होते. स्टुडिओत ते सवडीने, काही दिवसांनी गेले होते. विधी एकीकडे आणि चित्र दुसरीकडे, अशी दोघांची जागा ठरलेली होती.

खरी अडचण येथून सुरू होते. विधी आणि चित्र एकाच क्षणी व्हावयाचे ठरले की त्या क्षणाचा धनी कोण, हा प्रश्न उभा राहतो. मुहूर्त एकदाच येतो. अक्षता पडल्या की पडल्या. कोणाचे डोळे मिटले होते, कोणाची मुंडावळी वाकडी झाली होती, म्हणून त्या पुन्हा पडत नाहीत. ढग आले म्हणून शपथेचे शब्द दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उच्चारण्याची सोय चित्राच्या जगात मात्र आहे, आणि ती वापरलीही जाते. पुन्हा उच्चारता येणारे वचन खोटे असते असे आम्ही म्हणत नाही. पण त्याचे वजन थोडे हलते. आपला अंतरपाट पाहा. मधले वस्त्र दूर होईपर्यंत वधूवर एकमेकांना पाहत नाहीत, आणि दूर होताच पाहतात ते केवळ एकमेकांना. आजच्या चित्रमालिकेतही ‘फर्स्ट लुक’ नावाचा प्रसंग असतो : वर पाठमोरा उभा राहतो, वधू मागून येते, तो वळतो. पण तो कोठे वळावा, ऊन गालावर कोणत्या बाजूने पडावे, हे तिसऱ्या माणसाने आधीच सांगितलेले असते. पहिल्या दृष्टिभेटीत पुढे कधीतरी चित्र पाहणारी नजर शिरलेली असते.

तरीही आमचा मुख्य आक्षेप या नजरेला नाही. आमचा प्रश्न साक्षीविषयी आहे. साक्षात पाहणारा तो साक्षी, असे व्याकरण सांगते. व्यवहारात मात्र साक्षीदाराकडून पाहण्यापेक्षा अधिक अपेक्षा असते : पुढे कधी विचारले गेले तर त्याने उत्तर द्यावे. आपल्या परंपरेत साक्षीवाचून झालेल्या विवाहाची सर्वांत प्रसिद्ध कथा शकुंतलेची आहे. मालिनी नदीच्या काठी, आश्रमात, कण्व नसताना झालेला तो गांधर्वविवाह. आजच्या भाषेत ते इलोपमेंटच. कालिदासाच्या नाटकात शापामुळे दुष्यंताला विस्मरण होते, आणि ओळख पटवणारी एकच वस्तू, ती मुद्रिका, तीर्थाच्या पाण्यात पडून माशाच्या पोटात जाते. महाभारतातील कथा अधिक कठोर आहे. तेथे राजाला सारे आठवते. तरी भरसभेत तो तिला ओळख देत नाही, आणि आकाशवाणी झाल्यावर सांगतो की केवळ हिच्या शब्दावर मी हिला स्वीकारले असते तर लोकांनी संशय घेतला असता. अंगठी हा पुरावा होता. तिने ओळख पटवली, पण ती सभेत उभी राहून बोलू शकत नव्हती. छायाचित्र हे आजच्या काळातील मुद्रिका आहे. ते हरवत नाही, त्याच्या शंभर प्रती निघतात. पण दहाव्या वर्षी घरात अबोला धरला गेला तर ते कोणाच्या दाराशी जाऊन ‘तुम्ही काय कबूल केले होते?’ असे विचारत नाही.

आल्बर्टाच्या कायद्याला दोन सज्ञान साक्षीदार लागतात. जोडपे एकटेच गेले असेल तर छायाचित्रकार आणि त्याचा मदतनीस सही करतात, आणि कायद्याचे समाधान होते. त्याच रॉकी पर्वतरांगेत दक्षिणेला, अमेरिकेच्या कोलोराडो राज्यात, तर पुरोहितही लागत नाही आणि साक्षीदारही नाही; वधूवरांच्या सह्या पुरतात. दोन सज्ञान माणसांच्या शब्दावर राज्याने विश्वास ठेवला हे आम्हांला आदरणीयच वाटते. पण त्या सरोवराकाठी सही करणाराला त्या दोघांचे पुढे काय झाले हे कळण्याचा मार्ग नसतो. पुढच्या पहाटे तो दुसऱ्या जोडप्याबरोबर तेथेच उभा असतो. त्याच्या कौशल्याला दोष नाही. साक्षीदाराचे काम त्याच्याकडे आलेच कसे, एवढाच प्रश्न आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो टाळता येणार नाही. ज्यांनी साक्षी व्हावे तेच वैरी झाले तर? इंग्लंडमध्ये 1754 पासून वडिलांच्या संमतीवाचून लग्न करणे 21 वर्षांखालील मुलामुलींना अवघड झाले, तेव्हा जोडपी सीमा ओलांडून स्कॉटलंडमधील ग्रेटना ग्रीन या खेड्यात जात. लोहाराच्या ऐरणीपाशी, दोन साक्षीदारांसमक्ष, नुसत्या उच्चाराने तेथे विवाह होई. 1856 च्या कायद्याने 21 दिवसांच्या वास्तव्याची अट घातली तेव्हा ती वाट अरुंद झाली. आपल्या देशात तर हा प्रश्न जिवावरचा आहे. सज्ञान जोडप्याला आपल्या इच्छेने विवाह करण्याचा हक्क आहे आणि त्यांना त्रास देणाऱ्यांवर कारवाई व्हावी, असे सर्वोच्च न्यायालयाला 2006 साली सांगावे लागले. दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहाला कुटुंबाची वा जातीची संमती आवश्यक नाही, हे 2018 साली पुन्हा बजवावे लागले. 1954 च्या विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची जाहीर नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात. भयाने घर सोडलेल्या जोडप्याला ती नोटीसच संकट वाटते. अशा जोडप्यांना ऊन कोणत्या बाजूने पडते हे पाहण्याची उसंत नसते. त्यांचे छायाचित्र कचेरीच्या भिंतीपुढे, ट्यूबलाइटखाली काढलेले असते, आणि ते पोलीस ठाण्यात दाखवण्यासाठी जपून ठेवावे लागते. ‘पळून जाणे’ हा शब्द ज्यांना पळावे लागत नाही त्यांनी शोभेसाठी घेतला, याचा थोडासा संकोच त्यांना वाटावा, अशी आमची इच्छा आहे.

परंतु या भयग्रस्त जोडप्यांकडे पाहूनच साक्षीचे मोल कळते. त्यांच्यासाठी कोणी मित्र, कोणी शिक्षक, कोणी शेजारीण सही करते, तेव्हा ती व्यक्ती पुढचा राग आपल्यावर ओढवून घेते. सही करणाऱ्याला काही किंमत मोजावी लागते म्हणून ती साक्ष. नात्याने तो जवळचा असलाच पाहिजे असे नाही.

आता आपल्याकडे पाहू. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांना लग्नाचे महत्त्व दुहेरी होते. विखुरलेले गोत त्या निमित्ताने एकत्र येई, कोण कोठे आहे याची मोजदाद होई, मुलांच्या कानांवर चार दिवस घरची बोली पडे. सरोवराकाठी दोघांनीच लग्न केले की ही मोजदाद चुकते, ही हळहळ खरी आहे. पण हजार पानांच्या आजच्या आपल्या समारंभांत तरी साक्षी किती असतात? व्यासपीठापुढे रांग लागते, पाकीट दिले जाते, कॅमेऱ्याकडे पाहून हसले जाते आणि पाहुणा जेवणाकडे वळतो. मंगलाष्टके चालू असताना वधूवरांच्या भोवती चित्रीकरणवाल्यांचे कडे असते आणि मागच्या खुर्च्यांवरील मंडळी पडद्यावर लग्न पाहतात. अशा मांडवातून आणि त्या सरोवरावरून निघणाऱ्या चित्रांच्या संग्रहांत प्रकाशाखेरीज फरक उरतो कोठे?

म्हणून तरुणांना आमचे सांगणे इतकेच. सरोवर जरूर निवडा, ऊनही निवडा; सौंदर्याची ओढ वचनाला उणेपणा आणीत नाही. पण जागा आणि वेळ ठरवण्याआधी दोन माणसे ठरवा. जी तुम्हांला उद्या टोचून विचारू शकतील आणि ज्यांना तुम्ही दार उघडाल, अशी. चित्राच्या फेऱ्या कितीही होवोत, शपथेचे शब्द त्या दोघांकडे पाहून एकदाच उच्चारा. ढग असले तर असू द्यात.

आणि वडीलधाऱ्यांनी आपल्याला बोलावले नाही म्हणून रुसून बसण्याआधी एक गोष्ट स्वतःला विचारावी. मुलांच्या अडचणीच्या दिवसांत आपण त्यांच्याकडे निवाडा करायला जातो की ऐकून घ्यायला? ज्यांच्याविषयी मुलांना दुसरे उत्तर ठाऊक असते, त्या काकू-मावश्यांना आणि आजोबांना निमंत्रण येते. मग त्यांना शाल गुंडाळून पहाटेच्या अंधारात बसची वाट पाहत उभे राहावे लागले, तरी हरकत नाही.